अॅझ्टेकांच्या दगडी मूर्ती इतक्या भयंकर का आहेत? त्यामागे काही आध्यात्मिक अर्थ आहे का?

आहे, आणि तो समजण्यासाठी एकच मूर्ती नीट पाहिली तरी पुरेल: मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयातली कोआत्लिकुए देवी. उंची अडीच मीटरहून जास्त. मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो, आणि भीती ओसरल्यावरच ती मला दिसू लागली.

तिला डोकं नाही. कापलेल्या मानेतून उसळणारं रक्त दोन साप झालं आहे, आणि ते समोरासमोर आल्यानं एकच चेहरा असल्याचा भास होतो. गळ्यात तळहातांची आणि हृदयांची माळ, मध्ये कवटी. कमरेला विणलेल्या सापांचा घागरा. आणि या सगळ्यात ओघळलेले स्तन, मुलं पाजून थकलेल्या आईचे. उइत्सिलोपोच्त्ली या युद्धदेवाची ही आई. आपल्याला इथे मुंडमाळ घातलेली काली आठवते, पण दोघींचा ऐतिहासिक संबंध काहीच नाही. कोआत्लिकुएचा अर्थ तिच्याच लोकांच्या कथांत शोधायला हवा.

आता मूर्तीचा तळ. जमिनीला टेकणाऱ्या या बाजूवरही त्लाल्तेकुत्ली ही भूदेवता कोरलेली आहे. मूर्ती उभी केली की ती कुणालाच दिसणार नाही, तरीही लोखंडाच्या हत्यारांशिवाय, दगडानं दगड फोडून आणि वाळूनं घासून कुणीतरी ती पूर्ण केली. ब्रिटिश म्युझियममधल्या वेटोळं घातलेल्या दगडी रॅटलस्नेकच्या पोटाखालचे खवलेही असेच कोरलेले आहेत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. हे काम माणसाच्या नजरेसाठी नव्हतंच. तळावरचं कोरीवकाम ज्या जमिनीला टेकायचं, त्या जमिनीसाठी होतं.

ती जमीन म्हणजे कोण? सोळाव्या शतकात नोंदलेली कथा अशी: दोन देवांनी त्लाल्तेकुत्लीला फाडलं, तिच्या केसांतून झाडं-गवत उगवलं, डोळ्यांतून झरे निघाले. पण ती रात्री रडायची, आणि रक्त मिळाल्याशिवाय फळ द्यायची नाही. नरबळी खरोखर दिले जात. ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र त्या लोकांच्या लेखी ते पोसणाऱ्या धरतीचं देणं होतं, म्हणून एकाच देहात आई आणि मृत्यू दोन्ही आहेत.

ही श्रद्धा १५२१ साली तेनोच्तित्लान ही अॅझ्टेकांची राजधानी (आजची मेक्सिको सिटी) स्पॅनिशांच्या हाती पडल्यावरही संपली नाही. १७९० मध्ये मुख्य चौकात कोआत्लिकुए सापडली, विद्यापीठात नेली, तर स्थानिक लोक तिच्यापुढे मेणबत्त्या लावू लागले. शेवटी ती अंगणात पुरून टाकली. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ-प्रवासी हुम्बोल्टला दाखवायला उकरली आणि पुन्हा पुरली!

तिकडे जाणार असाल तर आधी टेम्प्लो मायोर, म्हणजे अॅझ्टेकांच्या मुख्य मंदिराचे अवशेष, पाहा. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना तिथे कोयोल्शाउकी या देवीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा सापडली. भाऊ उइत्सिलोपोच्त्लीनं तिचे तुकडे करून तिला डोंगरावरून फेकलं, अशी कथा आहे; शिळाही त्याच्याच मंदिराच्या पायऱ्यांच्या तळाशी होती, आणि बळींचे देह त्याच पायऱ्यांवरून खाली येत. मूर्ती मुळात कुठे होती हे आधी कळलं, की संग्रहालयातल्या मूर्तींकडेही आपण त्याच प्रश्नानं पाहतो.