घोटा खूप वाकडा असेल तर सांधा बदलताना काय धोका असतो?

तासगावच्या तुमच्या वडिलांची चप्पल बाहेरच्या कडेनेच झिजते म्हणता, म्हणजे बहुधा घोटा आत कललाय. तो कल तसाच ठेवून कृत्रिम सांधा बसवला तर सगळा भार एका कडेवर येतो. मधली प्लॅस्टिकची चकती लवकर झिजते, धातूचा भाग हाडात सैल होतो. म्हणून कल १५-२० अंशांपुढे असेल तर आतल्या बाजूचे आवळलेले अस्थिबंध (हाडांना हाडं जोडणारे पट्टे) मोकळे करणं, कधी टाचेचं हाड कापून सरळ करणं, ही कामं वाढतात. घोट्याचं हाड तडकूही शकतं. मला खरी काळजी ऑपरेशनसाठी घोट्याच्या पुढच्या बाजूला केलेल्या जखमेची वाटते. तिथली कातडी पातळ. त्यात साखर, बिडी-तंबाखू असेल तर जखम भरता भरत नाही. मिरजेत दाखवाल तेव्हा उभं राहून काढलेला एक्स-रे सोबत न्या, आणि सांधा जखडून टाकायचं ऑपरेशन, म्हणजे फ्यूजन, त्यांना जास्त सोयीचं का, हे नक्की विचारा.