शेक, विकिरण की किरणोपचार?

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेतल्या सरांचा प्रश्न आहे. वडिलांना घशाचा कॅन्सर. सात आठवडे रोज रेडिएशन, त्यासाठी रजेचा अर्ज मराठीत द्यायचा आहे. घरात सगळे 'शेक' म्हणतात. मुख्याध्यापक म्हणाले 'विकिरण' लिहा, लिपिक म्हणाला 'किरणोत्सर्ग' लिहा. बरोबर काय? शिवाय पेट स्कॅनला मराठीत काय म्हणायचं, कारण त्यांची आत्या सारखी विचारते, "आजार घसाना, आन पोट काबर तपासतस?"

सर, अर्जात 'किरणोपचार' लिहा. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण 'शेक' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे मी काही इथे थांबणार नाही.

आधी शेकाची बाजू. मराठीत शेकणं आणि भाजणं ही दोन क्रियापदं शेजारी राहतात, पण त्यांचा उंबरा वेगळा. आपल्याकडे भरताचं वांगं काड्यांच्या जाळावर भाजतात आणि त्याच जाळावर थंडीत पोरं हात शेकतात. जाळ एकच. वांग्याचं रूप पालटतं म्हणून ते भाजणं, हाताला बरं वाटतं म्हणून ते शेकणं. शेकात हित धरलेलं असतं. बाळंतिणीची शेक-शेगडी, लचकलेल्या पायाला विटेचा शेक, दुखऱ्या कानाला मिठाची गरम पुरचुंडी, सगळं मायेच्या माणसाने करायचं काम. (याला एक उलटी बाजूही आहे. 'ते प्रकरण त्याला चांगलंच शेकलं' म्हणतो तेव्हा त्यात माया नसते.) संस्कृतात 'सेक' म्हणजे शिंपणं, अभिषेकातला तोच सेक. आयुर्वेदात घाम आणण्याच्या उपचारांमध्ये 'परिषेक' येतो, म्हणजे अंगावर कोमट काढ्याची धार धरणं. मराठीतल्या शेकाला धार लागत नाही, तो कोरडाही चालतो.

आता पाठदुखीसाठी फिजिओथेरपीवाल्याकडे जा. तो मशीन लावतो, आतून गरम वाटतं, आपण म्हणतो शेक घेतला. मग घरातलं कोणी कॅन्सरच्या दवाखान्यात एका मोठ्या यंत्राखाली झोपतं, काही टोचत नाही, काही खुपसत नाही, दहा-पंधरा मिनिटांत उठून बाहेर येतं. याला दुसरं काय म्हणणार? हिंदीत याला सिकाई म्हणतात, गुजरातीतही शेकच. खानदेशातला पेशंट एकीकडे बुऱ्हाणपूरशी बोलतो, दुसरीकडे सुरतेशी, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे दोन्ही वेशींमधून आला तरी नवल नाही. "आप्पाले शेक देवाले लई जातस" हे वाक्य मी बसमध्ये, लग्नात, बँकेच्या रांगेत, सगळीकडे ऐकलं आहे.

अडचण एवढीच की या शेकात ऊब नाही. अक्षरशः नाही, हिशेब करून दाखवतो. किरणोपचाराची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. १ ग्रे म्हणजे १ किलो ऊतीत १ ज्यूल ऊर्जा शोषली जाणं. एका दिवसाची मात्रा बहुधा २ ग्रे असते, म्हणजे किलोमागे २ ज्यूल. १ किलो पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात, आणि आपलं अंग बरंचसं पाणीच आहे. म्हणजे एका 'शेका'ने तापमान वाढतं ते अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं. सात आठवड्यांचे ७० ग्रे एकाच वेळी दिले (देत नाहीत, देऊ नयेत) तरी अंशाचा साठावा भाग. मे महिन्यात भुसावळ स्टेशनच्या बाहेर रिक्षा शोधेपर्यंत याच्या कितीतरी पट शेक फुकटात मिळतो.

मग काम कशाने होतं? हे किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात, काही थेट, काही पेशीतल्या पाण्याचे अत्यंत खोडकर तुकडे करून त्यांच्या हातून. निरोगी पेशी हे तुटलेले धागे बऱ्यापैकी सांधून घेते. कॅन्सरच्या पेशीला ते तितकं जमत नाही आणि विभागायची वेळ आली की ती मरते. म्हणून मात्रा रोज थोडी थोडी, मधल्या वेळात निरोगी पेशींना डागडुजीची सवड. तापवून मारायचं असतं तर एवढा धीर धरायची गरज नव्हती. गाठ खरोखर ४०-४५ अंशांपर्यंत तापवण्याचा उपचारही आहे, त्याला हायपरथर्मिया म्हणतात आणि तो कधीकधी किरणांच्या जोडीला देतात. नावाला खरा जागणारा शेक तो. त्याला मात्र कोणी शेक म्हणत नाही.

हे पुस्तकी चिरफाड वाटेल, म्हणून घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मावशीला जबड्याच्या गाठीसाठी किरण चालू होते. तिसऱ्या आठवड्यात मानेची कातडी काळवंडली, आग व्हायला लागली. हे होतंच, कातडी वरवर उन्हाने करपल्यासारखी दिसते. मामीने विचार केला, दवाखान्यातला शेक कमी पडत असेल. शेकाला शेकाची जोड हवी. तिने रात्री खडे मीठ तव्यावर भाजलं, पुरचुंडी बांधली आणि चांगला दहा मिनिटं शेक दिला. सकाळी कातडी पापुद्र्यासारखी निघाली. उपचार चार दिवस थांबले. किरण घेतलेल्या जागी गरम काही लावायचं नसतं, तेल-हळदसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, हे तिला सांगितलेलं होतं. पण सांगणाराही बोलताना 'शेक' म्हणत होता आणि ऐकणारीही 'शेक' ऐकत होती. मामीचं काय चुकलं? शब्दाने जे सांगितलं ते तिने केलं.

दुसरा घोटाळा उच्चाराचा. शेक आणि शॉक यांत फक्त एका मात्रेचं अंतर. मावशीच्या शेजारणीने गावभर केलं की हिला मुंबईला डोक्याचे शॉक देतात. मावशीला कॅन्सरपेक्षा ते जास्त लागलं. 'करंट देतात' हा त्याच घराण्यातला आणखी एक वाईट शब्द. पेशंट टेबलावर झोपताना हात-पाय आखडून घेतो, झटका बसेल म्हणून.

गंमत अशी की या सगळ्या प्रकारात खरी ऊब एकदाच लागते आणि ती यंत्राची नसते. घशाच्या किंवा तोंडाच्या आजारात मान रोज तंतोतंत त्याच जागी राहावी म्हणून आधी मुखवटा बनवतात. पांढऱ्या प्लास्टिकची जाळीदार पाटी गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात, ती मऊ पडते, मग दोघं जण दोन्ही बाजूंनी धरून ती चेहऱ्यावर ताणत बसवतात. खापरावर टाकायच्या आधी मांडा हातावर ताणतात ना, तशी. काही मिनिटांत ती कडक होते आणि नाक, हनुवटी, कपाळ सगळं त्यात उमटतं. मावशी म्हणायची, "तेवढंच काय ते शेकलं."

एवढी तक्रार करूनही एक कबूल करायला हवं. शेक टिकला आहे तो नुसत्या गैरसमजावर नाही. तो मोजता येतो. 'अठरा शेक झाले, सतरा राहिले.' इंग्रजीत ज्याला फ्रॅक्शन म्हणतात त्याला लोकांनी शोधलेला हा नेमका, दोन अक्षरी शब्द आहे. 'अठरा किरणोपचार झाले' असं कोणी बोलत नाही, बोलूही नये, कारण किरणोपचार ही सबंध चिकित्सा आहे. मोजायचा शब्द वेगळा हवा. माझ्या मते तो आपल्याकडे आहे: खेप. 'किरणांच्या अठरा खेपा झाल्या.' रोज सकाळी गाडी पकडून जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला हा शब्द शिकवावा लागणार नाही.

आता अर्जातले बाकीचे दोन उमेदवार.

विकिरण हिंदीतून आलेला आहे. मुख्याध्यापकांनी तो हिंदी वर्तमानपत्रात किंवा केंद्र सरकारच्या कागदावर वाचला असणार. मराठी विश्वकोशाने रेडिएशनला 'प्रारण' हा शब्द चालवला. शास्त्राच्या पुस्तकात तो ठीक आहे, पण अर्जात लिहिलात तर शिक्षणाधिकारी कार्यालयातून शेरा येईल. विकिरणाला माझा आक्षेप अर्थावरून आहे. संस्कृतात 'कॄ' या धातूचा अर्थ विखुरणं, 'वि' लावला की चहूकडे विखुरणं. आजच्या यंत्रांची सगळी धडपड याच्या नेमकी उलट चालते. किरणांच्या वाटेत टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या दोन फळ्या असतात, प्रत्येक पट्टी स्वतंत्र मागेपुढे सरकते, आणि मधल्या फटीला गाठीचा आकार येतो. यंत्र पेशंटभोवती फिरतं तसा तो आकार बदलत राहतो. लाळेच्या ग्रंथी आणि मणक्यातली मज्जारज्जू वाचवून गाठीवर नेम धरायचा, हा सगळा खटाटोप विखुरू नये म्हणूनच तर आहे. किरण शब्दही त्याच 'कॄ' धातूचा, हे मला मान्य आहे. पण त्याला आता सूर्याची आणि आशेची इतकी सवय झाली आहे की विखुरणं कोणाला आठवत नाही.

किरणोत्सर्ग मात्र लिहू नका, हे जरा जोर देऊन सांगतो. तो मराठीत रेडिओॲक्टिव्हिटीसाठी बसलेला शब्द आहे, म्हणजे पदार्थाने स्वतःहून किरण सोडत राहणं. जुन्या कोबाल्ट यंत्रात तो बरोबर होता. त्यात कोबाल्ट-६० असतो, त्याचा जोर सुमारे सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, आणि तोवर तो रात्रंदिवस किरण सोडत असतो, तुम्ही झाकण उघडा वा न उघडा. (भाभा अणुसंशोधन केंद्राने असं देशी यंत्र बनवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.) आता बहुतेक ठिकाणी लिनॅक नावाचं यंत्र असतं. ते विजेवर चालतं, इलेक्ट्रॉनना जबर वेग देऊन टंगस्टनवर आपटतं आणि त्यातून एक्स-रे निघतात. बटण बंद, किरण बंद. पेशंटच्या अंगात काही शिल्लक राहत नाही. पण 'किरणोत्सर्ग' वाचलं की लोकांना अणुभट्टी आठवते आणि आजोबांकडून नातू काढून घेतात. थायरॉईडच्या आजारात आयोडीन-१३१ पाजतात, तिथे काही दिवस वेगळं राहावं लागतं आणि तिथे हा शब्द चालेल. तुमच्या वडिलांना बाहेरून किरण देत आहेत. नातवाला खुशाल मांडीवर बसू द्या.

आत्याबाईंचं पेट. चूक त्यांची नाही, हिंदीतलं पेट आपल्या कानात बसलेलं आहे. हे पी, ई, टी या तीन अक्षरांचं पेट. फ्लुओरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेली साखरेसारखी एक गोष्ट शिरेतून देतात. तो फ्लुओरिन ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तिथे वेळेची एवढी ओढाताण असते. ज्या पेशी साखर हावरेपणाने खातात त्या पडद्यावर उजळतात. याला मराठी नाव शोधायची गरज मला वाटत नाही, कारण फुकटात एक चांगलं क्रियापद मिळालं आहे: पेटणं. 'पेटमध्ये गाठ पेटली' हे कुठल्याही भाषांतरापेक्षा सरस आहे. फक्त आत्याबाईंना हेही सांगा, की पेटतं ते सगळं कॅन्सर नसतं. मेंदू पेटतो, मूत्राशय पेटतं, टीबीच्या गाठीही पेटतात. मेंदू पेटला नाही तर उलट काळजी करायची.

राहता राहिला 'कर्करोग'. अर्जात तोच लिहा, पण तो आपला प्राचीन शब्द आहे असं वर्गात सांगू नका. सुश्रुताचे शब्द अर्बुद आणि ग्रंथी. खेकडा ग्रीकांचा, तिथून लॅटिनमध्ये कॅन्सर, आणि आपण त्याचं भाषांतर करून कर्क केलं. बोलण्यात तर आपल्याकडे यातलं काहीच येत नाही. "टाटाले लई ग्यात" म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो. १९४१ साली परळला उघडलेल्या एका इस्पितळाचं नाव आजाराचं नाव होऊन बसलं आहे.

तर अर्जातलं वाक्य असं करा: 'माझ्या वडिलांवर घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार सुरू असून त्यांच्या ३५ खेपा आहेत, शनिवार-रविवार वगळून सात आठवडे.' आणि रजा मागताना आठवडाभर जास्तीची मागा. यंत्र एखाद-दोन दिवस दुरुस्तीला बंद असतं, मध्ये सण येतो, तोंड आलं की डॉक्टर स्वतः थांबवतात. मावशीच्या ३५ खेपांना नऊ आठवडे लागले होते.