सीपॅप लावल्यावर तोंड कोरडे पडते : पाणी वाढवण्याआधी गळती शोधा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे की, स्लीप ॲप्नियाचे (झोपेत श्वास वारंवार अडखळण्याच्या विकाराचे) निदान झाल्यानंतर तीन आठवड्यांपासून तुम्ही नाकावर बसणारा मास्क लावून सीपॅप (दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) वापरत आहात, घोरणे थांबले आहे, दिवसा येणारी पेंगही कमी झाली आहे. परंतु पहाटे तीन-चारच्या सुमारास तोंड इतके कोरडे होते की जीभ टाळूला चिकटते आणि ह्युमिडिफायर (हवेत ओलावा मिसळणारी, पाणी तापवणारी यंत्राची टाकी) सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवूनही उपयोग होत नाही. हे असेच चालणार असेल तर यंत्र सोडून द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी डॉक्टर नाही. नागपुरात राहतो आणि गेली सहा वर्षे रोज रात्री हे यंत्र वापरतो. तपासणीच्या रात्री माझा श्वास तासाला सरासरी ३८ वेळा अडखळत होता आणि ३० च्या वरचा आकडा तीव्र समजला जातो. यंत्रावर हाच आकडा आता तीनच्या आसपास असतो. पहिले चार महिने मात्र तुम्ही वर्णन केलेलाच त्रास मी सोसला आणि त्या काळात दोन वेळा यंत्र कपाटात ठेवून दिले. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो : यंत्र सोडू नका. उपचार न केलेल्या ॲप्नियाचा रक्तदाबाशी आणि हृदयविकाराशी जवळचा संबंध आहे, आणि तोंडाचा कोरडेपणा बहुतेक वेळा दूर करता येतो. मात्र त्याचे कारण जिथे असते तिथे आपण सहसा पाहत नाही.

मास्क केवळ नाकावर असताना तोंड कोरडे का पडावे, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. शरीराच्या तापमानाची, पूर्ण ओलसर अशी एक लिटर हवा सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी धरून ठेवते. वीस अंशांच्या, मध्यम ओलाव्याच्या खोलीतील एक लिटर हवेत ते जेमतेम ९ मिलिग्रॅम असते. उरलेले पाणी प्रत्येक श्वासागणिक नाकाच्या आणि घशाच्या ओल्या अस्तरातून हवेत मिसळते आणि श्वास बाहेर सोडताना त्यातला काही भाग नाकाचे थंड अस्तर परत टिपून घेते. हा देवघेवीचा व्यवहार नाकाने श्वास आत आणि नाकानेच बाहेर असे असेल तोवर चालतो. झोपेत जबडा सैल होऊन ओठ उघडले की यंत्राने नाकातून ढकललेली हवा टाळूमागून वळून सरळ तोंडातून बाहेर पडू लागते. ती परत नाकातून जात नाही, त्यामुळे दिलेले पाणी परत मिळत नाही. हा एकाच दिशेचा वारा तासन् तास जिभेवरून वाहतो आणि तिथला ओलावा सुकवून टाकतो. झोपेत लाळ मुळातच फार कमी सुटत असल्याने ती भरून निघण्याचा मार्गही नसतो.

पहाटेच हे का होते, याचेही कारण यातच आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात अधिक असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वाधिक शिथिल असतात, म्हणून जबडा तेव्हाच गळतो. त्याच झोपेत अनेकांचा ॲप्निया बळावत असल्यामुळे दाब आपोआप बदलणारे यंत्र असेल तर तेही त्या वेळी दाब वाढवते. ह्युमिडिफायर वरच्या आकड्यावर नेऊनही तुम्हाला फरक जाणवला नाही, यावरून मला तरी तुमची अडचण पाण्याच्या कमतरतेपेक्षा गळतीची वाटते.

याची खात्री करणे कठीण नाही. यंत्राच्या पडद्यावर किंवा त्याच्या मोबाईल ॲपवर गळतीचा आकडा दिसतो. माझ्या यंत्रात मिनिटाला २४ लिटरच्या वर गेलेली गळती जास्त मानली जाते. प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेतील मर्यादा पाहावी. रात्रीच्या पूर्वार्धात आकडा कमी आणि पहाटे वारंवार उसळलेला दिसला, तर तोंड उघडत असल्याचा संशय घ्यावा. डोळे कोरडे होत असतील किंवा चुरचुरत असतील, तर गळती मास्कच्या वरच्या कडेने होत आहे असे समजावे. तिथे मास्कची मऊ गादी झिजली आहे का आणि पट्टे नीट बसले आहेत का, हे पाहणे पुरते. घरातील कोणी पहाटे जागे होत असेल, तर त्यांना तुमच्या ओठांकडे एकदा पाहायला सांगा. माझ्या बाबतीत पत्नीने एका पहाटे माझ्या तोंडासमोर तळहात धरला आणि हवेचा सरळ झोत हाताला लागतो आहे असे सांगितले. चार महिन्यांत मला जे कळले नव्हते ते त्या एका तळहाताने कळले.

पुढचा प्रश्न, तोंड का उघडते? माझ्या मते या विषयात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट नाक ही आहे. नाक चोंदलेले असेल तर शरीर तोंड उघडणारच, आणि तोंडातून हवा निसटू लागली की नाकातून एकाच दिशेने वाहणाऱ्या कोरड्या हवेमुळे नाकाचे अस्तर सुजते आणि नाक आणखी चोंदते. हे चक्र एकदा सुरू झाले की केवळ पाण्याची टाकी भरून ते थांबत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी माझ्या नाकात धुळीच्या ॲलर्जीची सूज असल्याचे सांगून स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा लिहून दिला. हा फवारा एका रात्रीत काम करत नाही, त्याला काही दिवस ते दोन आठवडे द्यावे लागतात. तो मारताना मान किंचित खाली झुकवून टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने धरायचे असते. बंद नाक चटकन मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र काही दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत, कारण त्यांच्या सवयीने नाक उलट अधिक चोंदते.

जोडीला मी झोपण्याच्या तासभर आधी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, करू लागलो. त्यासाठी पाणी खळखळून उकळून कोमट केलेले असावे, नळाचे थेट वापरू नये. पेलाभर पाण्याला पाव चमचा मीठ पुरते. लगेच मास्क लावू नये, राहिलेले पाणी निथळू द्यावे. सुमारे सहा आठवड्यांत माझी गळती ४० लिटरवरून १५ च्या खाली आली आणि त्या काळात मी ह्युमिडिफायरचा आकडा वाढवण्याऐवजी दोनने कमी केला होता.

नाक मोकळे असूनही जबडा गळत असेल, तर हनुवटीचा पट्टा वापरून पाहण्यासारखा आहे. तो कापडी असतो आणि डोक्यावरून जाऊन हनुवटीला आधार देतो. तो काहींना उपयोगी पडतो, काहींचे ओठ त्यातूनही उघडतात. तोंडावर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला हल्ली मोबाईलवर फार फिरतो. नाक चोंदणाऱ्याने, मद्य किंवा झोपेची गोळी घेणाऱ्याने आणि उलटीची शक्यता असलेल्याने तो अजिबात अमलात आणू नये, आणि इतरांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नाक कायमच बंद राहत असेल, मधला पडदा वाकडा असेल, तर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क हा सरळ मार्ग आहे. त्यात तोंडाने श्वास घेतला तरी दाब टिकतो, मात्र तोंडाने घेतलेला श्वास तोंड सुकवतोच, तेव्हा तिथे ह्युमिडिफायरचे महत्त्व खरोखर वाढते. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांचे ओठ आत जातात आणि मास्कची बैठक बदलते, ही गोष्ट ज्येष्ठांच्या बाबतीत विसरली जाते. मास्क निवडताना तो कवळी काढून बसवून पाहावा.

दाबाकडेही एकदा लक्ष द्यावे. सीपॅपचा दाब साधारणतः ४ ते २० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तो गरजेपेक्षा जास्त असेल तर हवा ओठ ढकलून बाहेर येते. परंतु हा आकडा स्वतः बदलू नये, कारण कमी केला तर ॲप्निया परत येतो. गळतीचे आणि उरलेल्या ॲप्नियाचे आकडे घेऊन तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे.

आता ह्युमिडिफायर. त्याचा आकडा ऋतूप्रमाणे बदलावा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. नागपूरला जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो तेव्हा टाकीतून निघालेली उबदार वाफ थंड नळीत पाणी होऊन साचते आणि नाकात थेंब उडू लागतात. तेव्हा मी नळी पांघरुणाखाली घेऊ लागलो आणि पुढे तापणारी नळी घेतली, त्यामुळे ओलावा टिकतो आणि पाणीही साचत नाही. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असतो, खोलीतील हवा आधीच ओली असते, म्हणून आकडा खाली आणतो. एसीच्या खोलीत याच्या उलट होते. जुलैमध्ये रत्नागिरीला मुलीकडे जातो तेव्हा तो सर्वांत खाली असतो, तरी तोंड कोरडे पडत नाही. इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की यंत्राच्या विजेचा मोठा भाग पाणी तापवण्यात जातो. वीज गेलेल्या रात्री तापवणे बंद केले तर बॅटरी बराच अधिक वेळ पुरते.

टाकीत औषधाच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी घालावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी श्वासासाठी बनवलेले नसते, ते वापरू नये. बोअरचे पाणी टाकीच्या तळाशी पांढरा थर धरते. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकी धुवून वाळवावी.

गळती थांबूनही दिवसा तोंड कोरडे वाटत असेल, तर दोष यंत्राचा नाही असे समजून इतर कारणे शोधावीत. ॲलर्जीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधे, लघवीवरच्या नियंत्रणासाठीची काही औषधे लाळ कमी करतात. रक्तातील साखर वाढलेली असली तरी तोंड सुकते. औषधे स्वतः बंद न करता डॉक्टरांना विचारावे. रात्री उठून घोट घोट पाणी पिण्याने क्षणभर बरे वाटते, पण गळती चालूच राहते आणि लघवीसाठी झोपमोड वाढते. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारी कृत्रिम लाळेची जेल झोपताना हिरड्यांना लावावी. मद्यार्क असलेले माउथवॉश टाळावे. लाळ दातांचे रक्षण करते, म्हणून या काळात दंतवैद्यांना कोरडेपणा असल्याचे अवश्य सांगा आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा. माझ्या दोन दाढा त्या चार महिन्यांत किडल्या, त्या पुढे भरून घ्याव्या लागल्या.

तुम्ही तीन आठवडे पूर्ण केले आहेत, म्हणजे सर्वांत कठीण भाग मागे पडला आहे. आज रात्री ह्युमिडिफायर मधल्या आकड्यावर आणा आणि पुढील सात दिवस रोज सकाळी गळतीचा आकडा, नाक चोंदले होते की मोकळे, आणि तोंड किती कोरडे होते, एवढ्या तीनच गोष्टी वहीत लिहा. ती वही घेऊन आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, मास्क बदलण्याचा विचार त्यानंतर करा.