‘रोही’ खोडून ‘नीलगाय’ कशाला?

प्रश्न असा आला आहे : “मुलगी सहावीत आहे. निबंधात तिनं ‘आमच्या वावरात रात्री रोही येतात’ असं लिहिलं. बाईंनी ‘रोही’वर लाल रेघ मारून ‘नीलगाय’ केलं. रोही हा शब्द गावठी आहे का? नराला नीलगाय म्हणायचं का? आणि रोहीचं अनेकवचन काय?”

प्राणी एकच आहे आणि मुलीचं बरोबर आहे. ही लाल रेघ मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. हरभऱ्याचे घाटे खाल्ले की शेतकरी सांगतो रोह्यांनी खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं ‘नीलगायींचा धुमाकूळ’. हिंदीच्या वाटेनं आलेला शब्द शुद्ध आणि वावरातला अशुद्ध, हे कोणी ठरवलं?

बरं, तो शब्द तरी नेमका आहे का? निळसर करडा असतो तो फक्त वयात आलेला नर. मादी आणि पिल्लं तांबूस भुरी. म्हणजे जो निळा तो गाय नव्हे, आणि जी गाय ती निळी नव्हे. शिंगं नरालाच, तीही जेमतेम वीतभर. गळ्याखाली केसांचा गोंडा असतो, गालावर दोन पांढरे ठिपके, खुरांच्या वर पांढरी कडी, आणि पाठ खांद्याकडून मागे उतरत गेलेली. सकाळी धुऱ्यावर गेलात तर लेंड्यांचा ढीग दिसेल. रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो, म्हणून प्राणी न दिसताही जागल्याला कळतं की कोण येऊन गेलं. याला हरीण म्हणणारेही पुष्कळ आहेत. चितळ-सांबराची शिंगं झडतात, रोह्याची झडत नाहीत. जीवशास्त्र त्याला गाई-म्हशींच्याच उपकुळात ठेवतं, तेवढ्यापुरता ‘गाय’ शब्द मी मान्य करतो. त्याचं शास्त्रीय नाव आहे बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. त्यात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चारही प्राणी कोंबलेले आहेत. त्यातलं ट्रॅगोकॅमेलस हे १७६६ साली प्राणिशास्त्रज्ञ पालासनं दिलं. त्यापुढे आपलं दोन अक्षरी रोही किती स्वच्छ आहे बघा.

आता खरी गोष्ट. संस्कृतात रोहित म्हणजे लाल. रोहू माशाचं नाव त्यातलंच. मधला त गळून रोहिअ, आणि त्याचं रोही झालं असावं. मौक्तिकाचं मोत्तिअ होऊन मोती झालं, तीच वाट. म्हणजे हिंदीनं नराचा रंग धरला आणि आपण मादीचा. कळपात दिसतात त्या बहुतेक तांबूस माद्या आणि पिल्लं. नाव ठेवणाऱ्यानं वावरात उभं राहून नाव ठेवलं आहे.

आणि हे नाव किती जुनं असावं? ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कथा आहे. प्रजापती आपल्या मुलीच्या मागे लागतो. ती रोहित् होते, लाल मादी होते, आणि तो ऋश्य, म्हणजे नर मृग, होऊन तिच्याकडे जातो. देव चिडतात, त्याला बाण मारला जातो आणि सगळे आभाळात जातात. तिथं सरळ सांगितलं आहे, ‘या रोहित् सा रोहिणी’. तो विद्ध झालेला मृग, मारणारा मृगव्याध, आणि तीन पेरांचा बाण म्हणजे मृगातले ओळीनं असलेले तीन तारे. पौषात हरभऱ्याच्या जागलीला बसलात की नऊ-दहाच्या सुमाराला वर पाहा. त्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध लागतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी. खाली वावरात रोही, वर आभाळात रोही! मला तर ही व्युत्पत्ती सुचली त्या रात्री झोप आली नाही.

यावर आक्षेप येतात. एक म्हणजे रोही हा याच प्राण्याच्या गुजराती-हिंदी ‘रोझ’ या नावाचा अपभ्रंश. असं म्हणणाऱ्यांनी मराठीचे ध्वनिनियम उघडून पाहिलेले नाहीत. दधिचं दही झालं, मधूकाचा मोह झाला, कारण तिथं ध होता. झचा ह आपल्याकडे होत नाही. वांझ वांझच राहिली, तिची ‘वांह’ झाली नाही. दुसरा आक्षेप असा की ऋश्य म्हणजे काळवीट, त्याचीही मादी भुरीच असते. मग अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश मृगांच्या यादीत कृष्णसार, म्हणजे काळवीट, वेगळा सांगून पुढे ‘एणर्श्यरोहिताः’ असं कशाला म्हणतो? काळवीट तिथं आधीच येऊन गेला आहे. ऋश्य आणि रोहित शेजारी शेजारी आहेत, आणि ते एकाच जातीचे नर-मादी असावेत असं माझं ठाम मत आहे. कोशकार त्यांना दोन निराळे प्राणी धरतात. त्यांनी एकदा विदर्भात येऊन पहाटेच्या उजेडात कळप पाहावा. करडा नर आणि लाल माद्या एकत्र पाहिल्यावर, दोन नावं का पडली हे कोणी सांगावं लागत नाही.

अनेकवचन राहिलंच : एक रोही, चार रोही. प्रत्यय लागला की रोह्यांनी, रोह्यांचा. मुलीचं वाक्य जसंच्या तसं ठेवा.