दंडातच धमनीला फाटा फुटला असेल तर?

प्रश्न : वडिलांची अँजिओग्राफी उजव्या मनगटातून सुरू केली, पण कॅथेटर (आत सरकवायची बारीक नळी) दंडात अडला आणि शेवटी जांघेतून करावी लागली. रेडियल धमनीचा फाटा वरूनच फुटला आहे, असं सांगितलं. हा आजार आहे का? पुढे काय जपायचं?

उत्तर : आजार नाही, जन्मतःची ठेवण आहे. एरवी दंडात एकच मुख्य धमनी असते, ब्रेकिअल. ती कोपराच्या खळग्यात रेडियल (अंगठ्याच्या बाजूची) आणि अल्नर (करंगळीच्या बाजूची) अशी दुभंगते. काहींत रेडियल दंडातच, क्वचित काखेतच निघते. दंडातल्या धमन्यांच्या फरकांत हाच सर्वाधिक आढळतो. हाताला रक्त पुरेसं मिळतं, त्रास काहीच नसतो. मात्र वर निघालेली रेडियल बरेचदा बारीक असते. कॅथेटर घासला की ती आकसते, दंड दुखतो. जोर केला तर फाटूही शकते. म्हणून वाट बदलली, ते योग्यच झालं. दुसऱ्या हातात हीच ठेवण असेलच असं नाही.

खरं जपायचं ते कोपरापाशी सुई टोचताना. नेहमीच्या रचनेत तिथली शीर वर आणि धमनी खाली असते, मध्ये बायसेप्सचा चिवट पडदा. काहींत मात्र एखादी धमनी, विशेषतः अल्नर, या पडद्यावरून थेट त्वचेखालून जाते आणि शीर म्हणून तिलाच सुई लागते. म्हणून पट्टा बांधण्यापूर्वीच बोटाने चाचपायचं. घट्ट पट्ट्याखाली ठोके दबतात. ठोका लागला तर जागा बदलायची. सुईतून लालभडक रक्त उसळत आलं, किंवा औषध देताना बोटांपर्यंत आग होऊन हात पांढरा पडला, तर औषध तिथंच थांबवायचं. घाईने कॅन्युला (आत ठेवलेली सुईची नळी) उपसू नये. उपचाराची औषधं त्याच वाटेने देता येतात. चुकून धमनीत गेलेल्या काही औषधांनी बोटं काळी पडल्याची उदाहरणं आहेत.

बीपीची चिंता नको. पट्टा दंडातल्या सगळ्याच धमन्या दाबतो. दोन्ही हातांच्या वरच्या आकड्यात वारंवार १० मिमीहून जास्त फरक दिसला, तर त्याचं खापर या ठेवणीवर फोडू नका. तो वेगळा तपासून घ्या.

अँजिओग्राफीच्या अहवालात कोणत्या हाताची कोणती धमनी कुठून निघते, हे लिहून घ्या. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी शिरेला जोडणं) करायची वेळ आली, तर आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करताना तो कागद दाखवा.