बारावीनंतर नाटक शिकायचंय: बी.ए. की थेट नाट्यशास्त्राची पदवी?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तासगावात राहतेस, बारावी सायन्स झालीय आणि नाटकच करायचंय. सांगलीत मानसशास्त्र किंवा इंग्रजी घेऊन बी.ए. करावं, पुण्याला नाट्यशास्त्राच्या पदवीला जावं, की वडील म्हणतात तसं आधी बी.फार्म. उरकावं, असा पेच आहे. वयानं माझ्या भाचीएवढी आहेस, म्हणून अगंतुगं करतोय, राग मानू नकोस.

मी सांगलीचाच. बी.ए. अर्थशास्त्र इथं केलं, मग दोन वर्षं बाहेर जाऊन नाटक शिकलो. गेली एकवीस वर्षं प्रकाशयोजना करतोय आणि शाळा-कॉलेजांतून शिबिरं घेतोय. दोन्ही घरचा पाहुणचार झालाय, त्यामुळं दोन्हीकडची उणीदुणी माहीत आहेत.

आधी बी.फार्म.चं बघू. घरात नट डॉ. श्रीराम लागूंचं नाव निघालं असणारच, आपल्याकडं प्रत्येक घरात निघतं. लागू साताऱ्यात जन्मले, कान-नाक-घशाचे सर्जन होते. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नट मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, नाटककार सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीवाले. सगळं खरं. पण ही माणसं त्या डिग्रीमुळं नाटकात आली नाहीत. पुण्याच्या बी.जे. मेडिकलला नाटकाचं वातावरण होतं, बाहेर पीडीएसारखी (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) नाटकाची संस्था होती. 1972 साली 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं ते त्याच पीडीएत. डिग्री कसलीही असो, संध्याकाळी जायला तालमीचा हॉल होता. तुला मिळणाऱ्या फार्मसी कॉलेजात प्रॅक्टिकल पाचला सुटून तालमीला जाता येतं का, ते तिथल्या सेकंड इयरच्या मुलींना विचार. वडिलांचा मुद्दा पोटापाण्याचा आहे, त्यावर शेवटी येतो.

आता खरा प्रश्न. माझ्या मते दोन्हींतला फरक घड्याळात आहे. बी.ए.ला दिवसा वाचन आणि नाटक संध्याकाळी सहानंतर. नाटकाच्या पदवीला सकाळपासून शरीर, आवाज, तालीम, आणि वाचन रात्री डोळे मिटायला लागल्यावर. अठराव्या वर्षी आपल्याला हे दुसरं, नाटकाच्या पदवीचंच घड्याळ हवं असतं. मलाही हवं होतं, घरच्यांनी जाऊ दिलं नाही. तेव्हा चिडलो होतो. नंतर काय झालं ते सांगतो.

प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी एका प्रवेशात मला अडत्याची भूमिका आली. मी पोट पुढं काढून, पान चघळत, ठसक्यात बोलायला लागलो. सरांनी थांबवून विचारलं, "गाव कुठलं तुझं?" म्हटलं सांगली. "मग हळदीच्या सौद्यात हा माणूस काय करतो ते दाखव." मार्केट यार्डापासून सायकलवर दहा मिनिटांत घर, आणि मी सौदा कधी नीट बघितलेला नव्हता! सुट्टीत येऊन आठवडाभर यार्डात बसलो. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तो एका म्हाताऱ्या हमालानं माझ्या हातावर करून दाखवला. चेहरा अगदी कोरा, सगळा व्यवहार बोटांत. तिथं एकदम अर्थशास्त्राचे तास आठवले: अडत कोण देतो, उचल घेतलेला शेतकरी माल दुसऱ्याकडं का नेऊ शकत नाही. परत जाऊन तोच प्रवेश केला. पोट नाही, पान नाही, फक्त हात. सर काही बोलले नाहीत, पण पुन्हा थांबवलंही नाही.

माझ्याबरोबरची काही मुलं बारावीनंतर थेट नाटकाकडं आलेली होती. आवाज, लवचिकता, रंगमंचावरचा वावर, सगळ्यात माझ्या दोन पावलं पुढं. पण संहिता हातात आली की पहिला प्रश्न "माझा प्रवेश कितवा?" आणि आमच्या संस्थेनंही ती सवय मोडली नाही. रंगभूमीच्या इतिहासाचा पेपर तर आम्ही निव्वळ डिक्टेशन घेऊन पास झालो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं हे मला तोंडपाठ होतं. संस्थानिकाच्या पदराखाली सुरू झालेलं नाटक पुढं तिकिटावर जगायला लागलं, तेव्हा त्यात काय बदललं असेल, हे मात्र वर्गात कुणी विचारलं नाही.

पण नुसत्या बी.ए.नंही भागत नाही. मी तीन वर्षांत चार एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर दोनदा उभा राहिलो आणि स्वतःला नट समजत होतो. आवाजाच्या पहिल्याच तासाला कळलं की मी गळ्यातून ओरडतो. ती खोड जायला सात महिने लागले. स्पर्धेतल्या टाळ्यांनी ती लागली होती.

म्हणून तुला माझा कौल असा: आधी बी.ए., पण डोळे उघडे ठेवून निवडलेलं. ज्या कॉलेजातून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला किंवा युवा महोत्सवाला दरवर्षी संघ जातो तिथं जा, मग कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचा शेरा काही का असेना. मानसशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय घे, इंग्रजी मायनर म्हणजे दुय्यम ठेव. मेजर-मायनरची सोय आता झालीच आहे, मात्र त्या कॉलेजात कुठली जोडी खरंच शिकवतात ते ऑफिसात विचारून घे, माहितीपत्रकावर जाऊ नकोस. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला आणि मुंबई विद्यापीठाच्या थिएटर आर्ट्सच्या एम.ए.ला पदवी लागतेच. म्हणजे बी.ए.ची वर्षं वाया जात नाहीत, त्याच रस्त्यावर पडतात. एकविसाव्या वर्षी तुला हेही कळलेलं असेल की नटी व्हायचंय, लिहायचंय, की माझ्यासारखं विंगेत दिवे कमीजास्त करणाऱ्या डिमरपाशी उभं राहायचंय. अठराव्या वर्षी 'नाटक' म्हणजे सगळ्यांना अभिनयच वाटतो.

एक अपवाद सांगतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीनं बी.ए. पातळीवरच नाटक शिकता येतं. तिथं निवड झाली तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव आणि जा. तिथल्या मोकळ्या वेळात काय वाचायचं ते मी कळवीन. निवड नाही झाली तर रडत बसू नकोस, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, तो घरापासून जवळ पडतो. 'लिबरल आर्ट्स' म्हणून जी खासगी विद्यापीठं आहेत त्यांचं शिक्षण वाईट नाही, पण फी लाखांत. द्राक्षबागेवर कर्ज काढून तिथं जाऊ नकोस, एवढंच म्हणेन.

पोटापाण्याचं: मला नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन मिळतं, पण महिन्यात किती प्रयोग लागतील याचा भरवसा नसतो. घर चालतं ते शिबिरांवर, आणि शिबिरं मिळतात ती पदवी आणि प्रशिक्षण दोन्ही आहे म्हणून. तुझं मानसशास्त्र झालं तर शाळांत, समुपदेशनाच्या कामात नाटक वापरता येईल, बी.एड.चा रस्ताही उघडा राहील. हे वडिलांना माझ्या नावावर सांग.

आणि त्यांना एकदा तालमीला घेऊन ये. 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला सगळेच भावे नाट्यमंदिरात येतात, तेव्हा नको. साध्या मंगळवारी ये, संध्याकाळी सातला, जेव्हा एकच वाक्य चाळीस वेळा चाललेलं असतं आणि चहा गार झालेला असतो. मला व्यक्तिगत निरोप टाक, सध्या कुठं तालीम चालू आहे ते कळवतो. तासगावची शेवटची एस.टी. किती वाजता आहे ते मात्र तू बघून ठेव.