निळं पाणी नितळ झालं, म्हणजे औषध गेलं का?

प्रश्न: मी मूळची लातूरची, लग्नानंतर हैदराबादजवळ पटनचेरूला असते. इथल्या औषध कारखान्यांच्या पाण्याबद्दल सारखं काहीबाही कानावर येतं. परवा भावाने व्हिडिओ पाठवला, निळ्या पाण्यात पांढरी पावडर टाकून उन्हात ठेवली आणि तासाभरात पाणी एकदम नितळ! आमच्या बोअरच्या टाकीत टाकली तर अँटिबायोटिक निघेल का?

उत्तर: ताई, आधी एकच, टाकीत काही टाकू नका. ती पावडर बहुतेक टायटॅनियम डायऑक्साइड असणार, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच. तिच्यावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे कण तयार होतात आणि ते इतके वखवखलेले असतात की समोर येईल त्याचे लचके तोडतात, मग तो रंग असो नाहीतर अँटिबायोटिक, आणि पावडर मात्र आहे तेवढीच राहते, म्हणून ती कॅटॅलिस्ट.

म्हणजे व्हिडिओ खोटाच असं नाही, पण सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक विरघळलेलं पाणी मुळात नितळच दिसतं हो, मग गेलं की राहिलं हे डोळ्यांना काय कळणार? शिवाय रंग पावडरीला नुसता चिकटला तरी पाणी साफ दिसतं. म्हणून लॅबमध्ये आधी अर्धा तास अंधारात ढवळतात, किती चिकटलं ते मोजतात आणि मगच दिवा लावतात. तुमच्या व्हिडिओत असं काही केलं होतं का, बघा परत.

आता तुमच्या पटनचेरूचंच घ्या. 2007 साली स्वीडनच्या संशोधकांचा पेपर आला, तिथल्या औषध कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रो लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत! गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं. आणि असल्या पाण्यात एकटं सिप्रो थोडंच असतं, क्षार, सॉल्व्हंट, बाकीची घाण, रॅडिकल त्यातच खर्ची पडतात, पाणी गढूळ असेल तर ऊन खाली पोचत नाही, आणि उन्हात अल्ट्राव्हायोलेट असून असून चार-पाच टक्के. कार्बन नायट्राइडसारखे पिवळे कॅटॅलिस्ट साध्या उजेडातही चालतात, त्यावर बरंच काम चालू आहे, पण औषधाचे अर्धवट तुटलेले तुकडे निरुपद्रवी आहेत का ते तपासावंच लागतं आणि बारीक पावडर पाण्यातून परत काढायची म्हणजे वेगळाच ताप.

माझ्या मते या पावडर-पद्धतीची जागा कारखान्याच्या आत, शेवटच्या टप्प्यात, आधी गाळून साफ केलेल्या पाण्यावर. पण तेवढा खर्च कोण आपणहून करतो? जानेवारी 2020 च्या सरकारी मसुद्यात सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकला मर्यादा होत्या, 2021 च्या अंतिम नियमांत त्या गायब.

बोअरचं पाणी तपासायला द्याल तेव्हा एलसी-एमएस (पाण्यातली अगदी थोडी रसायनंही वेगळी करून ओळखणारी तपासणी) करतात का ते विचारा, नेहमीच्या तपासणीत अँटिबायोटिक बघतच नाहीत. आणि उकळून सिप्रो जात नाही, उगाच गॅस जाळू नका.